उष्णतेला वाट

समजा, तुमच्यासमोर टेबलावर एक कॉम्प्युटर आडवा झोपवलेला आहे. त्याच्या कुशीवरचं झाकण काढून भिंतीला टेकवून ठेवलंय. वायर उपटलेली आहे, तरीही तुम्ही सुरू करायचं बटण पाच सेकंद दाबून धरलंत, म्हणजे आत कुठे वीज दडून बसली असेल तर तीही मुकाट्याने निघून जावी. आता आत डोकवा. मोठ्या ग्राफिक्स कार्डाच्या खाली, त्याच्या सावलीत, बोटभर लांबीची एक पातळ पट्टी दिसेल. तोच ड्राइव्ह, कॉम्प्युटरची कोठी. एका टोकाला ती खाचेत रुतलेली, दुसऱ्या टोकाला तांदळाच्या कणीएवढा स्क्रू. तो स्क्रू सोडवला की पट्टी आपोआप किंचित वर उचलली जाते, झोपेतल्या माणसाने हाक ऐकून मान उचलावी तशी. ती अलगद कडेकडेने धरा. खाचेत बसणाऱ्या सोनेरी दातांना बोट लावू नका. आणि आता हेही समजा, की त्या बोटभर पट्टीवर तुमच्या लेकीची दोन वर्षं आहेत, आणि ती लेक तुमच्या पाठीमागे श्वास रोखून उभी आहे.

हात थरथरला असता ना? थंडोबाचा थरथरला नाही. त्याच्या हाताचा दोष वेगळाच होता. तो हात काम करता करता तंद्रीत जायचा.

थंडोबा हे काही त्याचं खरं नाव नव्हे. चौतीस वर्षं त्याने फ्रिज दुरुस्त केले, त्यामुळे अर्धं नाव धंद्याने दिलं. उरलेलं अर्धं त्याच्या स्वभावाने. गिऱ्हाईक दारात पाय आपटत असायचं, दूध नासत असायचं, आणि हा फ्रिजच्या मागे उकिडवा बसून जाळीवर तळहात ठेवून डोळे मिटून घ्यायचा. "अहो, झोपलात काय?" असं कुणी विचारलं की म्हणायचा, "ऐकतोय." काय ऐकतोय ते कधी सांगायचा नाही. कारण सांगितलं असतं तर लोकांनी दुसरा मेकॅनिक बोलावला असता.

त्याला उष्णता दिसायची. म्हणजे डोळ्यांना नव्हे; डोळे मिटले की. बंद खोलीत कोंडलेल्या माणसांच्या गर्दीसारखी ती त्याला दिसायची. गर्दी वाईट नसते, तिला फक्त दार हवं असतं. हे त्याला त्याच्या उस्तादाने शिकवलं होतं. उस्ताद म्हणजे शीतगृहातला जुना जाणता, ज्याच्या हाताखाली थंडोबाने विसाव्या वर्षी काम धरलं. "गार नावाची वस्तूच जगात नाही," उस्ताद सांगायचा. "असते ती ऊब. कुठे जास्त, कुठे कमी. तिला ढकलायची नसते, वाट दाखवायची. ती आपल्या पायांनी जाते."

"जाते कुठे?" थंडोबाने तेव्हाच विचारलं होतं.

"गेली ना? मग तुला काय करायचंय!"

हे उत्तर थंडोबाला चाळीस वर्षं झाली तरी पुरलं नव्हतं.

आता गुडघे उकिडवं बसू देत नव्हते, आणि लोकही फ्रिज दुरुस्त करण्याऐवजी बदलू लागले होते. त्यामुळे थंडोबा घरी होता. घर तीन माणसांचं: तो, बायको आणि बारकी. बारकी म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. जन्मली तेव्हा तळहातावर मावेल एवढी होती म्हणून बारकी. आता सव्वीस वर्षांची, बापापेक्षा उंच, तरी बारकीच. ती मागच्या खोलीत बसून हाताने चित्रं काढायची, आणि ती चित्रं एकापाठोपाठ एक पळवून त्यांचा सिनेमा करायची. पहिलाच सिनेमा. लांबी अकरा मिनिटं. त्यासाठी काढलेली चित्रं जवळजवळ आठ हजार.

आज संध्याकाळी सहाच्या आत तो पाठवायचा होता. नव्या मंडळींचे पहिले सिनेमे मोठ्या पडद्यावर दाखवणारा एक महोत्सव होता, त्यासाठी निवड व्हायची. सहा म्हणजे सहा. सहा वाजून एक मिनिट झालं की त्यांचं दार बंद. आणि वयाची अट अशी, की पुढच्या वर्षी बारकी त्यात बसणार नव्हती.

सगळी चित्रं, रंग आणि आवाज एकत्र ओतून एकसंध सिनेमा काढायला तिच्या कॉम्प्युटरला साडेपाच तास लागणार होते. पण तीन दिवस झाले, कॉम्प्युटर दहा-अकरा मिनिटं धावायचा आणि मग गोगलगाय व्हायचा. आतलं ग्राफिक्स कार्ड भट्टीसारखं तापायचं, त्याच्या खालचा ड्राइव्ह त्या आचेत सापडायचा, आणि स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग टाकून द्यायचा. त्या वेगाने सिनेमा उद्या दुपारी तयार झाला असता. बारकीने झाकण उघडं ठेवून टेबलफॅन लावून पाहिला. पाच मिनिटं जास्त मिळाली, बाकी धूळच आत गेली. चित्रांची एक प्रत जुन्या डिस्कवर सुरक्षित होती, पण ती डिस्क इतकी धिमी, की तिच्यावर हे काम चालवणं म्हणजे चमच्याने विहीर उपसणं. म्हणजे सगळा भार या बोटभर पट्टीवर. ती तापली तर सिनेमा नाही, आणि बसवताना मोडली तरी सिनेमा नाही.

त्यासाठी लागणारा हीटसिंक, म्हणजे ड्राइव्हच्या पाठीवर बसवायचा ॲल्युमिनियमचा पात्यापात्यांचा तुकडा, तिने महिन्याभरापूर्वीच मागवून ठेवला होता. पण बसवायचं धाडस होत नव्हतं. दुकानवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, "सोमवारी येतो."

"सोमवारी काय वरातीमागून घोडं आणणार का?" बायको म्हणाली. ती भाजी चिरता चिरता दारात येऊन उभी होती. मग नवऱ्याकडे सुरी रोखून म्हणाली, "अहो, तुम्ही आयुष्यभर गार करण्याचीच कामं केलीत ना?"

"मी फ्रिजची केली," थंडोबा म्हणाला.

"मग हा लहान फ्रिज समजा."

बारकीने बापाकडे पाहिलं. ती त्याला कामासाठी कधी हाक मारायची नाही. मारली तर जेवायला. आज तिने खुर्ची ओढून दिली. "बाबा, बघता का? पण हळू हं."

"बाई, हळू करण्यात तुझ्या बापाचा हात कोण धरणार!" बायको म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

तेव्हा सकाळचे साडेआठ वाजले होते.

थंडोबाने सगळ्यात आधी वही काढली. ही त्याची धंद्यातली जुनी रीत. आधी लिहायचं, मग हात लावायचा. फ्रिज उघडण्यापूर्वी आतलं तापमान लिहायचं, नाही तर सुधारलं की बिघडलं हे कसं कळणार? बारकीने एक मोठी फाइल परत परत ड्राइव्हवर लिहायला लावली, ग्राफिक्स कार्डालाही कामाला जुंपलं आणि पडद्याच्या कोपऱ्यात तापमान दिसेल असं केलं. ती आकडे वाचत गेली, तो लिहीत गेला. सुरुवातीला एकोणपन्नास. पाच मिनिटांनी एकाहत्तर. आठ मिनिटांनी ऐंशी. अकराव्या मिनिटाला चौऱ्याऐंशी, आणि वेग धपकन खाली.

"ताप भरलाय," थंडोबा म्हणाला.

"बाबा, ते माणूस असल्यासारखं बोलू नका ना. मला भीती वाटते."

मग कॉम्प्युटर बंद केला, आडवा झोपवला, आणि जे तुम्ही सुरुवातीला कल्पनेत केलंत ते थंडोबाने खरोखर केलं. आधी कॉम्प्युटरच्या लोखंडी सांगाड्याला हात लावला, म्हणजे अंगावरची वीज उतरून जावी. मोजपट्टीने मोजून पाहिलं, की हीटसिंक बसवल्यावर वरच्या कार्डाला टेकणार तर नाही ना. बोटभर जागा होती. स्क्रू सोडवून चिमट्याने पांढऱ्या बशीत ठेवला. बशी पांढरीच हवी, कारण काळा स्क्रू तिच्यावर हरवत नाही. ड्राइव्ह बाहेर काढून स्वच्छ कागदावर ठेवला आणि डोळ्यांजवळ नेऊन पाहिला.

आणि इथे हात तंद्रीत गेला.

त्या पट्टीवर काळे चौकोनी तुकडे होते, दाटीवाटीने, एखाद्या गावातल्या गोदामांची छपरं आभाळातून दिसावीत तसे. मध्ये बारीक सोनेरी रस्ते. थंडोबाला वाटलं, या गोदामांत लेकीची मुंगी राहते. बारकीचा सिनेमा एका मुंगीचा होता. मुंगीला रस्त्यात बर्फाचा एक खडा सापडतो आणि ती तो आईला दाखवायला घरी घेऊन निघते. एवढीच गोष्ट. खडा वितळत जातो आणि मुंगी चालत राहते. शेवट काय होतो ते बारकीने कुणालाच सांगितलं नव्हतं. पण गोष्ट कुठून आली हे थंडोबाला माहीत होतं. बारकी चार-पाच वर्षांची असताना तो शीतगृहातल्या एका कामावरून येताना डब्यात बर्फाचा तुकडा घालून आणायचा. घरी डबा उघडला की आत पाणी. "बाबा, बर्फ कुठे गेला?" बारकी विचारायची. "वाटेत उतरला. त्याचा थांबा आला," थंडोबा म्हणायचा. ती खिदळायची. ती उत्तरावर खूश व्हायची आणि हा मनातून ओशाळायचा, कारण खरं उत्तर त्याच्याकडे नव्हतं.

"बाबा?"

"हं. चाललंय."

हीटसिंकचे दोन भाग होते. खालचा पातळ पत्रा आणि वरचा पात्यांचा जाड तुकडा, दोन्ही बाजूंनी चार स्क्रूंनी एकमेकांना धरणारे. वरच्या तुकड्याला आतून एक मऊ, राखाडी, रबरासारखी पट्टी कारखान्यातूनच चिकटवलेली होती. हिचं काम ड्राइव्हची ऊब उचलून धातूच्या हवाली करायचं. पट्टीवर एक निळसर पारदर्शक प्लॅस्टिक होतं. त्याचा एक कोपरा सुटला होता. थंडोबाच्या अंगठ्याने तो कोपरा वर उचलला. मग त्याच अंगठ्याने, डोळ्यांसमोर मुंगी चालत असताना, तो कोपरा पुन्हा खाली दाबून नीट सपाट केला. अगदी प्रेमाने. कडेपर्यंत.

मग ड्राइव्ह खालच्या पत्र्यावर ठेवला, वर पात्यांचा तुकडा, आणि चारही स्क्रू आळीपाळीने, समोरासमोरचे, थोडेथोडे आवळले. एकच कोपरा आधी आवळला तर पट्टी वाकते. फ्रिजच्या दारासारखंच हे. मग तो सगळा ऐवज तिरपा धरून खाचेत सरकवला, दाबून आडवा केला, कणीएवढा स्क्रू लावला. झाकण लावलं. कॉम्प्युटर उभा केला.

तो सुरू झाला. ड्राइव्ह दिसला. बारकीने इतका लांब श्वास सोडला की टेबलावरचे कागद हलले.

"लिहा बाबा. सुरुवातीला एकोणपन्नास."

पाच मिनिटांनी पंचाहत्तर. थंडोबाने पेन उचलून धरलं. "पुन्हा वाच."

"पंचाहत्तर. आता शहात्तर."

सातव्या मिनिटाला ब्याऐंशी. नवव्या मिनिटाला सत्त्याऐंशी, आणि पडदा जागच्या जागी गोठला. बाणसुद्धा हलेना. बारकीने बटण दाबून कॉम्प्युटर बंद केला आणि ती दोन्ही हातांनी डोकं धरून बसली. पावणेअकरा वाजले होते.

"आधीपेक्षा वाईट," ती म्हणाली. आवाज चढवून नाही, खोल जाऊन. "बाबा, आधी निदान अकरा मिनिटं तरी चालत होतं."

बायको पदराला हात पुसत आली. "काय झालं?"

"काही नाही. लहान फ्रिजने मोठ्या चुलीचा अवतार घेतलाय," थंडोबा म्हणाला.

"मग तुम्ही काय केलंत?"

"बसवला."

"बसवलात, पण उलटा तर नाही?"

"आई, प्लीज!" बारकी म्हणाली. तिने फोन उचलला होता, पण कुणाला लावायचा हे तिला सुचत नव्हतं. साडेपाच तास सहापासून मागे मोजले की साडेबारा होत होते. म्हणजे हातात पावणेदोन तास. त्यातही सिनेमा पाठवायला वेळ ठेवायला हवाच. तिने हे सगळं मोठ्याने मोजलं.

थंडोबा पुन्हा कॉम्प्युटरकडे वळला. त्याने वायर उपटली, झाकण काढलं, आत हात घातला आणि हीटसिंकच्या पात्यांवर बोटांची टोकं ठेवून डोळे मिटले. बायकोने लेकीला खूण केली: बघ, लागली समाधी.

हात मिटल्या डोळ्यांना काय सांगतो, याची तो वाट पाहत होता. सवयीने त्याने गर्दी शोधली. इतकी आग लागलेली, तर दाराशी चेंगराचेंगरी असायला हवी होती. पात्यांवर बोट ठेवणं अवघड व्हायला हवं होतं. पण पात्या कोमट. कोमटसुद्धा नाही म्हणता येत, खोलीइतक्याच. कुणीच बाहेर आलेलं नव्हतं. आत सत्त्याऐंशी आणि बाहेर हा शांत, निवांत धातू, रविवारी बंद असलेल्या दुकानासारखा.

"आग रामेश्वरी," तो पुटपुटला.

"काय?"

"आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. बंब चांगला आहे गं. पण तो आगीपर्यंत पोचलेलाच नाही. यांच्यामध्ये कुणीतरी उभं आहे."

"कोण उभं राहणार तिथे? केसाएवढीसुद्धा जागा नाही," बारकी म्हणाली.

"केसाएवढंच असेल."

त्याने पुन्हा सगळं उलगडलं. कणीएवढा स्क्रू, पांढरी बशी, तिरपी पट्टी, चार स्क्रू. वरचा तुकडा उचलला, तो सहज सुटून हातात आला. खरं तर राखाडी पट्टीने ड्राइव्हला धरून ठेवायला हवं होतं. तो उलटा करून खिडकीच्या उजेडात धरला. राखाडी पट्टीवर निळसर प्लॅस्टिक चमकत होतं. सपाट. एकही सुरकुती नाही. कोपरासुद्धा इतका सुबक दाबलेला, की असं दाबणारा या घरातलाच, हे कुणीही सांगितलं असतं.

बारकीने ते पाहिलं आणि ती आधी ओरडणार होती. मग तिची नजर खोलीतून फिरली, आणि ती ओरडलीच नाही.

कारण त्या घरात प्लॅस्टिक काढायची पद्धत नव्हती. सोफ्यावर प्लॅस्टिक होतं, उन्हाळ्यात पोटऱ्यांना चिकटणारं. रिमोट प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवीला रबर. भिंतीवरच्या घड्याळाच्या काचेवर कारखान्यातला पातळ पापुद्रा, त्यामुळे त्यांच्याकडे वेळ नेहमी जरा धुक्यात असायची. आणि फ्रिजच्या दारावर एकोणीस वर्षांपूर्वीचं प्लॅस्टिक, निळ्याचं पिवळं झालेलं, पण कडा अजून शाबूत, कारण कोपरा सुटला की बायको येता-जाता अंगठ्याने दाबून सपाट करायची. अगदी प्रेमाने. तिचं पाहून तोही करायचा. पस्तीस वर्षांत दोघांचे अंगठे सारखे झाले होते. लोकांकडे नव्याचे नऊ दिवस. हिने ते नऊ दिवस प्लॅस्टिकखाली घालून वर्षानुवर्षं टिकवले होते. "या घरात उघडी वस्तू एकच," थंडोबा पाहुण्यांना सांगायचा, "ती म्हणजे मी."

खरं म्हणजे त्यांचं लग्नसुद्धा त्यावरूनच जमलं होतं. तो तिच्या माहेरी फ्रिज दुरुस्त करायला गेला होता. सहा वर्षांचा फ्रिज, अंगावर प्लॅस्टिक तसंच. "हे काढून टाका की आता," तो सहज म्हणाला. तेव्हा आतल्या दारातून आवाज आला, "हात तर लावून बघा!" त्याने मान वर केली. पुढचं सगळं आपोआप झालं.

आता ती त्याच्यासमोर उभी होती, आणि तिनेही त्या निळ्या चौकोनाकडे पाहिलं. तिला काही समजावून सांगावं लागलं नाही.

"हे माझं आहे," ती हळूच म्हणाली.

"तुझं कसं? बसवलं मी."

"दाबलं तुम्ही, पण अंगठा माझा."

"आता भांडू नका, काढा!" बारकी म्हणाली. पण तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं होतं.

थंडोबाने तुकडा बायकोपुढे धरला. "काढ तूच."

"मी? मी कशाला?"

"नखं तुझी आहेत. आणि मी काढलं तर जन्मभर ऐकवशील."

तिने हात पुन्हा पदराला पुसले, कोपरा नखाने उचलला, एकदा नवऱ्याकडे पाहिलं, आणि डोळे गच्च मिटून ओढलं. सर्र असा बारीक आवाज झाला. खाली राखाडी पट्टी ओलसर, चिकट, जिवंत दिसली. तिच्यावर आता बोट लावायचं नव्हतं. थंडोबाने ती ड्राइव्हवर टेकवली तेव्हा तिने त्याला किंचित धरलं, आणि ते धरणं त्याच्या बोटांना जाणवलं.

बायको निळा पापुद्रा उजेडात धरून पाहत होती.

"टाक तो," थंडोबा म्हणाला.

"राहू द्या. चांगला आहे," ती म्हणाली आणि तो घडी न घालता डब्यात ठेवायला घेऊन गेली. जित्याची खोड.

सव्वाअकराला पुन्हा मोजणी सुरू झाली. या वेळी बायकोही पाटावर बसून राहिली. सुरुवातीला सत्तेचाळीस. पाच मिनिटांनी चोपन्न. दहा मिनिटांनी अठ्ठावन्न. अकरावं मिनिट आलं तेव्हा तिघांपैकी कुणी पापणी हलवली नाही. अठ्ठावन्न. पंधराला एकोणसाठ. वीस मिनिटांनीही एकोणसाठ, आणि वेग जसाच्या तसा. थंडोबाने झाकण जरा बाजूला करून हात आत घातला आणि दोन बोटं पात्यांना लावली. आता तिथे ऊब होती, कुणीतरी नुकतंच उठून गेलेल्या खुर्चीसारखी.

"येतायत," तो म्हणाला. "रांगेने येतायत."

"कोण?" बायकोने विचारलं.

"उबा."

"बाबा, उबा असं अनेकवचन नसतं."

"पण खूप आहेत."

अकरा चाळीसला बारकीने सिनेमा ओतायला लावला. कॉम्प्युटरने अंदाज दाखवला: पाच तास अडतीस मिनिटं. सव्वापाच-साडेपाचच्या दरम्यान. तिने एक-दोनदा बोटांवर मोजलं. मग पहिल्यांदा तिने बापाच्या खांद्यावर हनुवटी टेकवली.

ती दुपार मोठी विचित्र गेली. घरात एक माणूस आजारातून उठत असावा तसे सगळे हळू चालत होते. मायलेकी आळीपाळीने आकडा पाहून येत: साठ, एकोणसाठ, एकसष्ट. थंडोबा मात्र हललाच नाही. त्याने कॉम्प्युटरशेजारी खुर्ची टाकली होती आणि वरच्या जाळीतून येणाऱ्या हवेत तळहात धरून बसला होता. खिडकीतून ऊन सरकत सरकत टेबलावर आलं, मग जमिनीवर उतरलं. त्याचे डोळे मिटले.

त्याला वाटलं, आता आत मुंगी चालते आहे. एकेक चित्र म्हणजे तिचं एक पाऊल, आणि प्रत्येक पावलाला गोदामातून थोडीशी ऊब निघते, सोनेरी रस्त्याने राखाडी पट्टीवर येते, पट्टीवरून धातूत चढते, पात्यांच्या टोकांवर उभी राहते, आणि पंख्याच्या वाऱ्याबरोबर त्याच्या तळहाताला लागून निघून जाते. म्हणजे लेकीचा सगळा सिनेमा त्याच्या हातावरून जात होता. दोन वर्षं ती मागच्या खोलीत काय करते ते त्याला नीटसं कळलं नव्हतं. विचारायचं धाडस झालं नव्हतं. आता ते असं हातावरून जात होतं, कोमट आणि सावकाश. कुठलं चित्र कुठल्या उबेचं हे ओळखता येत नव्हतं. पण लागत होतं.

पाच वाजून एकवीस मिनिटांनी पंखे एकदम मंदावले, आणि त्या शांततेने त्याला जाग आली. पाच चाळीसला सिनेमा गेला. पलीकडून दोन ओळींची पोच आली. बारकीने ती दोघांना तीनदा वाचून दाखवली, आणि आईने तिला मिठी मारली तेव्हा दोघींच्या मध्ये चिरलेल्या कोथिंबिरीची ताटली सापडली.

"आता दाखव तरी," थंडोबा म्हणाला. "शेवट कुणाला सांगितला नाहीस ना?"

तिघं तिच्या लहान पलंगावर दाटीने बसले. अकरा मिनिटं मुंगी चालली. खडा आधी डोंगराएवढा, मग दगडाएवढा, मग कणीएवढा. शेवटी ती दारात पोचते तेव्हा तिचे हात रिकामे असतात, फक्त ओले. आई मुंगी तिचे ओले हात आपल्या गालाला लावते. मग लहान मुंगी मागे वळून, आलेल्या सगळ्या वाटेकडे बघते. तिथेच सिनेमा संपतो.

बायको डोळे पुसत म्हणाली, "बिचारीने आणलं तरी काय!"

थंडोबाने काळ्या पडद्याकडे बोट केलं.

"ती मागे वळून काय बघते गं?" त्याने विचारलं.

"तुम्हीच सांगायचात ना, वाटेत उतरला म्हणून?" बारकी म्हणाली. "तर ती थांबा शोधते. कुठे उतरला असेल ते."

"मग सापडतो का?"

"मला कुठे माहीत? मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल."

थंडोबा उठून खिडकीशी गेला. कॉम्प्युटर निवत आला होता. खिडकी उघडी होती आणि दिवसभराची ऊब केव्हाच तिच्यातून निघून समोरच्या छपरांवरून, तारांवरून, त्या पलीकडच्या मावळत्या उजेडात मिसळली होती. फ्रिजांच्या मागच्या जाळ्यांमधून चौतीस वर्षं त्याने सोडलेलीही तिकडेच कुठेतरी असणार. दारं उघडून द्यायचं काम त्याने चोख केलं होतं, आजचं धरून. त्याने तळहात खिडकीबाहेर धरला. हवा ना गार होती, ना गरम.

ऊब इथून गेली, हे तर खरंच. पण शेवटचा थांबा कुठला असतो तिचा, आणि तिथे पोचल्यावर ती उतरते तरी कुणाकडे?